केस पेपरवर नसलेला रकाना

नवजात बाळ दवाखान्यात दगावलं की आमच्याकडे पहिले दोन शब्द ठरलेले: ‘उशिरा आणलं.’ डॉक्टर म्हणतात, सिस्टर म्हणते, शेजारच्या बाळाची आजीसुद्धा पदर तोंडाला लावून तेच म्हणते. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या दवाखान्यात, एसएनसीयूची इन्चार्ज सिस्टर म्हणून. हे दोन शब्द मीही शेकडो वेळा उच्चारले असतील. आता घरी बसल्यावर ते मला टोचतात आणि त्याला कारण एक बाई आहे.

एसएनसीयू म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या बाळांचा विभाग. नातेवाईक त्याला ‘पेटी’ म्हणतात. ‘बाळाला पेटीत ठेवलंय.’ प्रत्यक्षात आमच्याकडे बहुतेक बाळं पेटीत नसतातच, उघड्या वॉर्मरवर असतात. वर तापणारी दांडी, खाली गादी, बाजूला वीतभर उंचीच्या पारदर्शक पट्ट्या. वरून उघडं. कुणाचाही हात सहज पोचतो. बाळाला वाचवणारा हातही तिथूनच जातो आणि जंतू नेणारा हातही.

ही बाई पहिलटकरीण. नवऱ्याबरोबर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेली, आठवा नुकताच लागलेला. सकाळी कोपीतच पाणी गेलं. तिला कळलं, सासूला कळलं, तासाभरात ती जवळच्या आरोग्य केंद्रात हजर होती. तिथे आतून तपासलं आणि पुढे पाठवलं. ग्रामीण रुग्णालयात दोनदा तपासलं, गाडीची वाट बघत दुपार गेली. आमच्याकडे पोचली तेव्हा दिवेलागण झालेली. लेबर रूममध्ये आल्या आल्या एकानं तपासलं, ड्युटी बदलल्यावर दुसऱ्यानं. पाणी गेल्यापासून सव्वीस तासांनी मुलगा झाला. 32 आठवडे, 1,350 ग्रॅम. केस पेपरवर छापील रकाना असतो: ‘पाणी जाऊन 18 तासांपेक्षा जास्त वेळ?’ आम्ही ‘होय’वर खूण केली आणि खाली पेनानं लिहिलं, उशिरा दाखल.

ती एकाही ठिकाणी उशिरा पोचली नव्हती. तिला पुढे पाठवण्यात उशीर झाला होता. पण केस पेपर तिच्या नावाचा, म्हणून उशीरही तिच्याच नावावर लागला.

तो रकाना चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पाणमोट शाबूत आहे तोवर बाळ बंद घरात असतं. ती फुटली की दार उघडं पडतं. जितके तास जातील तितके जंतू वर सरकतात आणि आतून केलेली प्रत्येक तपासणी त्यांना आणखी वर ढकलते. आईला ताप असेल, पाण्याला वास असेल, बाळ जन्मल्यावर रडलं नसेल, तर धोका वाढतो. बाळ दिवसांआधी आलं असेल तर फारच. आईकडून बाळाला मिळणारी रोगाशी लढायची शिदोरी बहुतेक शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत बांधली जाते. बत्तिसाव्या आठवड्यातलं बाळ ती अर्धवट घेऊनच येतं. त्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, चिकटपट्टी काढताना सोलवटून निघते. हे सगळं आम्हाला शिकवलेलं आहे, पाठ आहे. त्याचे रकानेही केस पेपरवर आहेत, आईचं वय, वजन, रक्त, ताप, पाणी.

दवाखान्याचा मात्र एकही रकाना नाही.

त्या मुलाचं सुरुवातीला बरं चाललं होतं. श्वासाला दोन दिवस आधार लागला, मग सुटला. आई दर दोन तासांनी वाटीत दूध काढून द्यायची, आम्ही नळीनं द्यायचो. घटलेलं वजन आठव्या दिवशी वीस ग्रॅमनं वर आलं, तर तिनं ते साऱ्या वॉर्डला सांगितलं. नवव्या रात्री माझ्या एका सिस्टरनं फोन केला. ‘मॅडम, पोट जरा फुगलंय, नळीतून तपकिरी येतंय, आणि पाय गार आहेत.’ ताप नव्हता. एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नसतं, उलट ते गार पडतं. सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग, असाच गुपचूप येतो. बाळ दूध ओढेनासं होतं, रडायचं विसरतं, अंगावर जाळीदार डाग उठतात. अनुभवी सिस्टर म्हणते, ‘आज हे बाळ मला बरं वाटत नाही,’ आणि बहुतेकदा ते खरं निघतं. रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेब्सिएला हा जंतू आला. आमच्याकडची औषधं त्याला लागू नव्हती. अकराव्या दिवशी पहाटे मुलगा गेला.

कागदावर कारण लिहिलं: मुदतपूर्व जन्म, कमी वजन, सेप्सिस. जोखीम: पाणी जाऊन सव्वीस तास. हे सगळं खरं. पण त्या आठवड्यात बारा वॉर्मरवर एकोणीस बाळं होती, हे कुठेही लिहिलं गेलं नाही. त्याच्याच वॉर्मरवर, पायाशी पाय लावून झोपवलेल्या दुसऱ्या बाळात तीन दिवस आधी हाच जंतू सापडला होता, तेही नाही. आणि रात्री दोनच सिस्टर होत्या, हे तर नाहीच नाही.

आता थोडा हिशेब करू, कारण भावनेत वाहून जाण्यापेक्षा हिशेब बरा. तीन-चार बाळांमागे एक सिस्टर, हा सरकारचाच निकष आहे. त्या रात्री एकीकडे दहा बाळं होती, दुसरीकडे नऊ. नाईट बारा तासांची. दर दोन तासांनी दूध, मध्ये इंजेक्शन, दुपटं बदलणं, सलाईनचा हात तपासणं, नळी सरकली तर बसवणं. एका बाळाला रात्रीतून बारा वेळा हात लागतो, असं अगदी कंजूषपणानं धरलं, तरी दहा बाळांचे झाले 120 वेळा. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी आणि नंतर सॅनिटायझर चोळायचा, म्हणजे 240 वेळा. नीट चोळायला वीस सेकंद लागतात. झाले 4,800 सेकंद. ऐंशी मिनिटं फक्त हात चोळण्यात. त्याच रात्री एक बाळ श्वास सोडतंय, दुसऱ्याची शीर मिळत नाहीये आणि लेबर रूममधून तिसरं येतंय. सांगा, त्या सिस्टरनं कोणते हात चोळायचे सोडले असतील? चार बाळं असती तर हाच हिशेब बत्तीस मिनिटांवर येतो. ते जमतं. मी करून पाहिलंय.

म्हणून हात धुण्याची पोस्टर्स पाहिली की मला थोडा रागच येतो. सहा पायऱ्या आम्हाला झोपेत विचारल्या तरी येतात. आमच्या दाराशी कोपरानं उघडायचा नळ होता. तो बिघडला. पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली, शेवटी माणूस आला आणि त्यानं तिथे साधा चकलीचा पितळी नळ बसवून दिला. म्हणजे मळक्या हातानं उघडायचा, दोन मिनिटं हात घासायचे आणि स्वच्छ झालेल्या हातानं तीच मळकी चकली बंद करायची. मे महिन्यात तर तोही प्रश्न उरायचा नाही, कारण नळाला पाणीच नसायचं. टँकरचं पाणी पिंपात, पिंपावर मग, आणि मगाच्या कानाला साऱ्या वॉर्डचा हात.

आमचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर हा लेख म्हणजे नुसतं गाऱ्हाणं होईल. सलाईनची सुई तुंबू नये म्हणून तिच्यातून थोडं थोडं सलाईन सोडावं लागतं. त्यासाठी 100 मिलीची एक बाटली, रबरी बुचात सुई खुपसून ठेवलेली, आणि साऱ्या वॉर्डला तीच. एका बाळाच्या इन्ट्राकॅथला, म्हणजे त्या सुईला, लागलेली सिरिंज पुन्हा त्या बाटलीत गेली की संपलं. एका बाळाला एक बाटली हा नियम मला माहीत होता. स्टॉक कमी असला की मी तो मोडलेला आहे, माझ्याच सहीच्या इंडेंटवर. इन्ट्राकॅथ किती दिवस राहिली, याची तारीख चिकटपट्टीवर लिहायची असते. गर्दीच्या आठवड्यात ती लिहिली जात नाही. गरज संपल्यावर सुई काढून टाकायला हवी, पण शीर पुन्हा मिळेल न मिळेल या धास्तीनं ‘राहू दे अजून एक दिवस’ असं होतं. बाळाच्या अंगात शिरणारी प्रत्येक नळी, मग ती नाळेतली असो, श्वासाची असो की सलाईनची, जंतूंसाठी पायवाट असते. ती जितके दिवस राहील तितकी वहिवाट पडते.

आणि एक किस्सा चुड्याचा. नवीन लग्न झालेली एक सिस्टर रुजू झाली, दोन्ही हातांत हिरवा चुडा. कोपराखाली काही असता कामा नये, कारण बांगडीखाली ओल राहते, साबण राहतो. घरी सासूबाई म्हणाल्या, सव्वा महिना चुडा उतरवायचा नाही. पोरगी रडकुंडीला आली. मी तिला सव्वा महिना स्टोअर आणि रजिस्टरवर बसवलं. नियम पाळला गेला, पण बाळांजवळची एक सिस्टर कमी झाली आणि उरलेल्यांच्या वाट्याला दोन-दोन बाळं जास्त आली. मी बरोबर केलं की चूक, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. काळ्या दोऱ्यांचं त्यामानानं सोपं होतं. मनगटावर वेखंड बांधून आणलेला, दुधानं ओला झालेला दोरा आम्ही सोडायचो आणि वॉर्मरच्या दांडीला बांधायचो. ‘आजी, नजर लागली तर यंत्राला लागेल, बाळाला नाही.’ आज्या हसायच्या आणि मान्य करायच्या.

‘आईकडून आलेला’ आणि ‘दवाखान्यातला’ असे संसर्गाचे दोन कप्पे आम्ही पाडतो. पहिल्या 72 तासांतला आईच्या खात्यावर, नंतरचा दवाखान्याच्या. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात झालेल्या अभ्यासानं ही वाटणी हलवून सोडली. नवजात विभागात भरती झालेल्या तेरा हजारांहून अधिक बाळांवर त्यांनी लक्ष ठेवलं. सुमारे 14 टक्के बाळांना सेप्सिस झाला. त्यातले दोन तृतीयांश प्रसंग पहिल्या 72 तासांतले. आणि जंतू कोणते? ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, म्हणजे दवाखान्याच्या भिंतीत, पाण्यात, यंत्रात मुरलेले. लवकर झालेला संसर्ग असो की उशिराचा, जंतूंची जातकुळी जवळपास एकच. सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टरपैकी 82 टक्के, क्लेब्सिएलापैकी 54 टक्के अनेक औषधांना न जुमानणारे होते. शेतातल्या कोपीतून आलेल्या बाईच्या अंगावर असले जंतू कुठून येणार? लेबर रूमच्या टेबलापासूनच बाळ आमच्या जंतूंच्या हवाली झालेलं असतं.

हे जंतू असे निगरगट्ट झाले, त्यात अँटिबायोटिकचा मोठा वाटा आहे. ‘सेफ्टीसाठी सुरू करून ठेवू’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा घरात ‘जेवायला चला’सुद्धा ऐकलं नसेल. सुरू करायला हरकत नाही, पण थांबवायला कुणी धजावत नाही. कल्चर स्वच्छ आलं तरी सात दिवस पूर्ण, मग ‘हायर’ औषध. नातेवाईकही ‘काहीतरी भारी द्या’ म्हणून मागे लागतात. अमेरिकेत 2009 साली अगदी कमी वजनाच्या बाळांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. कल्चर स्वच्छ असूनही सुरुवातीलाच पाच किंवा जास्त दिवस अँटिबायोटिक मिळालेल्या बाळांत आतडं सडण्याचा आजार आणि मृत्यू जास्त दिसले. खासगी नवजात विभागात हजारो रुपये रोज मोजणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. काचेचं दार आणि थंडगार हवा म्हणजे जंतू नाहीत असं नसतं. तिथे नळ्या जास्त, औषधंही जास्त.

आणि या सगळ्यात आम्ही बाहेर कुणाला ठेवत होतो? आईला. ‘इन्फेक्शन होईल’ म्हणून. माझ्या नोकरीतली ही सर्वांत मोठी चूक, आणि ती माझ्या एकटीची नव्हती. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाचं मोल फार आधी ओळखलं होतं. 1989 साली त्यांनी तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. वरचं दूध हा नुसता पोषणाचा प्रश्न नाही, ती संसर्गाची वाट आहे, कारण पावडर आली की बाटली आली, पाणी आलं आणि कुणाचे तरी हात आले. पुढे दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना शिकवून विभागात आत घेतलं, तर संसर्ग वाढला नाही, उलट अंगावरचं दूध पिणारी बाळं वाढली. केंद्रानं 2017 साली त्यावरून मार्गदर्शक सूचनाही काढल्या. 2021 साली भारतासह पाच देशांत केलेला अभ्यास आला. कमी वजनाच्या बाळाला, ते स्थिर होण्याची वाट न बघता, जन्मल्यापासूनच आईच्या उघड्या छातीशी ठेवलं तर मृत्यू एक चतुर्थांशानं घटले. आईच्या अंगावरचे जंतू हे घरचे. दहा बाळांना लावलेले हात तिच्याकडे नसतात.

गडचिरोलीचं उदाहरण मला या बाबतीत नेहमी छळतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, संसर्ग ओळखणं आणि वेळ पडली तर घरीच इंजेक्शन देणं. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले, नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी. मातीच्या घरात, चुलीच्या धुरात. तिथे व्हेंटिलेटर नव्हता, पण एका बाळामागे एक आई आणि एक आरोग्यदूत होती. दवाखाने बंद करा असं मला म्हणायचं नाही. 1,350 ग्रॅमच्या बाळाला घरी कोण ठेवेल? आणि महाराष्ट्रानं कमावलंही आहे. 2020 साली देशात हजारी 20 नवजात दगावत होते, तेव्हा आपल्याकडे 11. त्यात एसएनसीयूचा वाटा आहेच, आमच्या रात्रींचाही आहे.

9 जानेवारी 2021 ला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या एसएनसीयूत आग लागली आणि दहा बाळं गेली. राज्य हादरलं. दवाखान्यांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. आमच्याकडेही माणसं आली, सिलिंडर लागले, त्यावर तपासणीच्या तारखेची चिठ्ठी आली. फार बरं झालं. पण दहा बाळं वर्षभरात एकेक करून संसर्गानं गेली तर धूर निघत नाही, म्हणून ऑडिटही निघत नाही. निघतं ते ‘उशिरा आणलं’.

माझं मागणं लहान आहे, जवळपास फुकटातलं. एसएनसीयूच्या प्रत्येक केस पेपरवर, प्रत्येक ड्युटीला, चार गोष्टी लिहा. या सिस्टरकडे आत्ता किती बाळं आहेत, या वॉर्मरवर किती आहेत, नळाला पाणी आहे का, आणि अंगातली सुई-नळी कितव्या दिवसाची आहे. बाळ दगावलं तर मृत्यूच्या कागदावर आईच्या जोखमीशेजारी याही चार ओळी जाऊ द्या. जिल्ह्याचे आकडे दर महिन्याला दाराबाहेर लावा. भरती कुठे अडली, नळ कुठे अडला, ते आपोआप दिसेल. हे मी बैठकीत एकदा बोलले होते. एक साहेब म्हणाले, ‘सिस्टर, उद्या नातेवाईक हाच कागद घेऊन आपल्याला मारायला येतील.’ भीती खोटी नाही, मारहाण मी पाहिलेली आहे. पण कागदावर काहीच नसतं तेव्हाही मार सिस्टरलाच बसतो. एकोणीस बाळं आणि दोन सिस्टर हे लिहिलेलं असेल, तर निदान विचारायचं कुणाला हे तरी कळेल. मी मग वॉर्डातल्या पांढऱ्या फळ्यावर रोज मार्करनं ‘बाळं इतकी, सिस्टर इतक्या’ लिहायला लागले. चौथ्या दिवशी तिथे साफसफाईचं वेळापत्रक चिकटवलेलं दिसलं.

ती बाई मला पुन्हा भेटली, माझ्या निवृत्तीला दोनेक महिने असताना. एएनसी, म्हणजे गरोदर बायकांच्या, वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात गोधडी अंथरून बसलेली, शेजारी स्टोव्ह आणि पिशवी. तारखेला अजून पंधरा दिवस होते. कळा नाहीत, काही नाही. सिस्टरनी घरी जा म्हणून दोनदा सांगितलं तरी हलत नव्हती. मला पाहून उठली. ‘या टायमाला आधीच आले, बाई.’ मी तिच्या हातातला केस पेपर घेतला. आधीच्या बाळंतपणाच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगा, अकराव्या दिवशी मयत, कारण उशीर.

‘हे कुणी सांगितलं गं लिहायला?’

‘मीच सांगितलं,’ ती म्हणाली.